खोटं पाणी

२ मार्च

मंजुषा मॅडमनी ही वही दिली. म्हणाल्या, रोज जे शिकशील ते लिहून ठेव, नाहीतर गळून जातं. शिकलेलं पुढच्या पानापासून लिहीन. पहिल्या पानावर दुसरंच लिहायचं आहे, म्हणजे वही उघडली की आधी तेच दिसेल.

राधाकिशननं मला मारुतीच्या पारावर अख्ख्या वाडीदेखत कानफटात मारली. वाडी त्याला आण्णा म्हणते, मी म्हणत नाही. येत्या पाडव्याला तीन वर्षं होतील. त्याच्या विहिरीवरची केबल चोरीला गेलती आणि त्यानं माझं नाव घेतलं. दादा, म्हणजे माझा बाप तात्याबा, डोक्यावरचा पटका काढून हातात घेऊन त्याच्यापुढं उभा राहिला. मारलेलं मी विसरलो असतो. पटका विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी आष्टीजवळच्या कडा गावाहून एसटी धरली. नगर, पुणे, आणि मग एका मुकादमानं आणलं ते थेट कोइंबतूरला. घरून इतकं लांब की इथल्या माणसाला बीड कुठं आहे हे सांगायला आधी पुणं सांगावं लागतं.

आमची कंपनी मोटारीचा डबा बनवते. शेतकरी घरून फोन लावतो, डब्यातल्या सिमकार्डाला तो जातो आणि विहिरीवरची मोटार चालू होते. ऑटोवर टाकला तर लाईट आली की मोटार आपली आपण चालू. विहिरीतलं पाणी संपलं की डबा मोटार बंद करतो, म्हणजे ती जळत नाही. मी आधी डबे पॅक करायचो. मग महाराष्ट्रातून फोन यायला लागले, इथल्या पोरांना मराठी येईना, म्हणून मला हेडफोन दिला. नववी नापास माणसाला खुर्ची मिळाली ती अशी. मंजुषा मॅडम अंबाजोगाईच्या, डब्यातला प्रोग्राम त्या लिहितात. मला शिकवा म्हणून मीच मागं लागलो. का ते त्यांनी विचारलं नाही.

५ मार्च

क्लास म्हणजे साचा. ऑब्जेक्ट म्हणजे साच्यातून काढलेली वस्तू. पोळ्याला कड्याच्या बाजारात मातीचे बैल मिळतात, सगळे एका साच्यातले, पण प्रत्येकाचं मोडायचं आपलं आपलं. एवढंच आज.

माजलगावचा एक शेतकरी फोनवर अर्धा तास शिव्या देत होता, डबा चालत नाही म्हणून. शेवटी कळलं, सिममध्ये रिचार्जच नव्हता. मी तसं सांगितलं तर म्हणाला, "मग आधी कावून न्हाई सांगितलं बे?" अर्धा तास त्यानं मला बोलूच दिलं नव्हतं.

९ मार्च

आज लई मोठी गोष्ट शिकलो. नीट लिहितो.

प्रोग्राममध्ये 'मोटार' नावाचा क्लास आहे. विहिरीत पाणी आहे का हे कळायला तिला सेन्सर लागतो. आधी ज्यानं कुणी प्रोग्राम लिहिला, त्यानं मोटारीच्या पोटातच सेन्सर बनवला होता. म्हणजे मोटारीचं ऑब्जेक्ट तयार झालं की ते आतल्या आत आपला सेन्सर तयार करायचं, दोन सळ्यांचा, खरा. त्यामुळं प्रोग्राम तपासायचा म्हटलं की गच्चीवर पाण्याचा ड्रम, ड्रममध्ये सळ्या, आणि मी बादलीनं ड्रम भरतोय नि उपसतोय. एका तपासणीला अकरा बादल्या. खालच्या मजल्यावरची बाई रोज तमिळमध्ये भांडते.

मॅडमनी हे सगळं उलटं केलं. मोटारीनं सेन्सर बनवायचाच नाही. जो कोणी मोटार तयार करील त्यानंच तो तिच्या हातात द्यायचा. मोटारीनं एवढंच म्हणायचं, मला असं काहीतरी द्या की त्याला 'पाणी आहे का' विचारलं तर हो किंवा नाही सांगेल. आत सळ्या आहेत का आणखी काय, तिला घेणं नाही.

"ह्याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात," मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, मेंढरांना पावसाळ्याआधी टोचतात तसलं का. त्या हसत बसल्या. मग म्हणाल्या, तसलंच समज, लागणारी वस्तू बाहेरून आत द्यायची.

मग मी त्यांना माझ्या डोक्यात आलं ते सांगितलं. दादा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतो ते पावसाळ्यालाच माघारी येतो. हल्ली गुडघे धरलेत म्हणून निघत नाही, पण आधी निघायचा. घोड्यावर सगळं बिऱ्हाड असतं, तवा, घोंगडी, कोंबड्या, लेकरं. पण विहीर पाठीवर घेऊन कोणी हिंडत नाही. ज्याच्या वावरात मेंढरं बसवायची त्यानं पाणी द्यायचं, त्याला लेंड्यांचं खत मिळतं. आज हा वावरवाला, उद्या तो. दादाला पाण्याशी काम, विहीर कुणाची ह्याच्याशी नाही.

मॅडम थोडा वेळ फळ्याकडंच बघत होत्या. म्हणाल्या, "हे परीक्षेत लिहू नको सिदू. पण बरोबर आहे."

परीक्षा कुठं देतोय मी.

१४ मार्च

बादल्या संपल्या. मॅडमनी माझ्याकडून एक सेन्सर लिहून घेतला, सात ओळींचा. त्याला सळ्या नाहीत, तारा नाहीत. 'पाणी आहे का' विचारलं की तो कायम 'आहे' म्हणतो. तपासायचं असलं की मोटारीला खऱ्या सेन्सरच्या जागी हा द्यायचा. मोटारीला फरक कळत नाही. ती त्याच्यावर भरवसा टाकून चालत राहते.

नाव मी दिलं. खोटं पाणी. मॅडम म्हणाल्या राहू दे, आपल्या दोघांनाच कळतंय.

आयुष्यात पहिल्यांदा माझी वस्तू डब्यात गेली. आजपासून जे डबे बाहेर जातील आणि जुन्या डब्यांना जो अपडेट जाईल, त्या सगळ्यात ह्या सात ओळी असणार. भात खाताना तेच डोक्यात होतं. बरोबरची पोरं म्हणाली, ह्याचं लग्न ठरलं काय.

१६ मार्च

रविवार. घरी फोन केला. शिवकन्या, माझी धाकटी बहीण, टेकडावर येऊन बोलत होती, आमच्या वस्तीवर तिच्या सिमला रेंज येत नाही. म्हणाली आपल्या विहिरीवर मोटार बसली. मेंढरांचा हौद भरलेला असतो, तिनं दोन वाफे घास केलाय. दादा आता लांब जात नाही, गाभण मेंढ्या घरीच ठेवल्यात.

मी विचारलं, लाईटचं कनेक्शन कसं मिळालं, आपल्या नावावर तर कधीच नव्हतं. म्हणाली, "हाय कुनाचंतरी. तू तुजं काम कर."

मग दादाकडं फोन दिला. दादा फोनवर बोलत नाही, नुसता धरून उभा राहतो. मी म्हणालो, मोटार बसली म्हणं. "व्हय," म्हणाला. एवढंच. पण आवाज बरा होता.

कोणीतरी दिलं असेल. असतात चांगली माणसं. वाडीत एकटाच राक्षस आहे आणि त्याचं नाव पहिल्या पानावर आहे.

२० मार्च

सापडला.

आष्टी तालुक्यातल्या एकाचा फोन आला म्हणून यादी उघडली. खाली बघतो तर राधाकिशन गहिनीनाथ, आमची वाडी, मोबाईल नंबर, पाच एचपी. एक नाही, दोन डबे. डब्यांच्या नंबरांचे शेवटचे आकडे ११८ आणि ३४२. पहिला दोन वर्षांपूर्वीचा, दुसरा ह्या जानेवारीतला.

माझा हात हेडफोनवर तसाच राहिला. समोरचा शेतकरी हॅलो हॅलो करतोय.

माझ्या लॉगिनला एक गोष्ट करता येते. शेतकऱ्याच्या सळ्या गंजल्या किंवा तुटल्या की तो फोन करतो. मग आम्ही इथं बसून त्याच्या डब्याला दुसरा सेन्सर देतो, करंटवरून पाणी ओळखणारा. सेन्सरच्या यादीतून नाव निवडायचं, बटण दाबायचं. त्या यादीत आता तीन नावं दिसतात. सळई. करंट. खोटं पाणी.

मला आणखी काही लिहायची गरज नाही.

२१ मार्च

ठरलं. ३४२ ला द्यायचं. जुनी विहीर त्याची भरपूर पाण्याची, तिथं मोटार जळणार नाही. नवीन डबा म्हणजे त्यानं नवीन विहीर पाडली असणार, माळाच्या अंगाला, तिथं मार्चअखेर तळ दिसतो. नवीन मोटार, नवीन डबा. तिची राख झाली पाहिजे. त्यानं पारावर बसून डोकं धरलं पाहिजे, आणि कोणी केलं हे त्याला कळता कामा नये. नाही, कळलं पाहिजे. नंतर. मी सांगीन, वाडीत जाऊन, उभा राहून.

आज दिवसभर सगळ्या शेतकऱ्यांशी गोड बोललो.

२३ मार्च

ही वही कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

केबल वाडीतल्याच युवराजनं कापली. मी बॅटरी धरली होती. तो म्हणाला, तू नुसता उजेड धर. तांबं आष्टीला विकलं आणि त्यातून मला जुना मोबाईल आला, त्याच्यावरच मी पहिल्यांदा प्रोग्रामिंगचे व्हिडिओ बघितले. युवराजचं नाव कोणी घेतलं नाही, त्याचा चुलता सरपंच.

पण कापली मी नाही. राधाकिशननं "ह्यानं कापली" म्हणून मारलं, म्हणजे खोटंच मारलं ना. आणि माझा अपराध असता तर तो पोलिसात गेला असता. गेला नाही. पुरावाच नव्हता त्याच्याकडं. पुरावा नसताना माणसाला मारायचं आणि त्याच्या बापाला पटका काढायला लावायचं.

पटका काढ असं तो म्हणाला नव्हता. दादानं आपणहून काढला. पण काढायची पाळी आणली कोणी?

२६ मार्च

मॅडम आज वैतागलेल्या. म्हणाल्या तुझा तो खोटा सेन्सर खऱ्या डब्यांच्या यादीत दिसतोय, ही माझी चूक. तपासायची वस्तू तपासायच्या टेबलावरच राहायला पाहिजे. सात एप्रिलच्या अपडेटमध्ये काढून टाकते, तोवर कोणी हात लावू नये.

मी विचारलं, हात लावला तर काय होईल. म्हणाल्या, "मोटारीला कुठं कळतंय रे? तिला जे दिलं त्याच्यावरच ती विश्वास ठेवते. जबाबदारी सगळी देणाऱ्यावर."

मला वाटलं माझ्याकडं बघून बोलल्या. नसतील.

म्हणजे सात तारखेच्या आत.

२८ मार्च

काही नाही. सांबार. घरमालकानं पंखा दुरुस्त केला नाही. राधाकिशनच्या घरी आता एसी असेल.

३१ मार्च

काल पाडवा. तीन वर्षं पुरी.

आज जेवायच्या सुट्टीनंतर, मॅडम मीटिंगला गेल्यावर, ३४२ उघडला. सळईच्या जागी खोटं पाणी निवडलं. मशीननं विचारलं, नक्की का? नक्की. तीन सेकंदांनी डब्याकडून उत्तर आलं, मिळालं म्हणून. हजार-बाराशे किलोमीटरवरून त्याच्या वावरात हात घातला आणि कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

ह्या आठवड्यात आमच्या भागाला दिवसाची लाईट आहे. उद्या सकाळी येईल, मोटार ऑटोवर आहे, आपोआप चालू होईल. घंटाभरात विहीर आटेल. सळ्या ओरडून सांगतील पाणी संपलं, पण त्यांचं ऐकायला आता कोणी नाही. मोटार मला विचारील आणि मी म्हणीन, आहे, आहे, पाणी आहे, चाल.

मला लई बरं वाटतंय. मारलेल्या कानाची बाजूसुद्धा हलकी झाली.

१ एप्रिल

घडलं तसं लिहितो.

सकाळी नऊला ३४२ चालू झाला. मी स्क्रीनवर करंटचा आकडा बघत बसलो. पाणी असलं की साडेसात दाखवतो, पाणी संपलं की चारावर येतो. सव्वानऊला चारावर आला आणि तिथंच राहिला. खरा सेन्सर असता तर त्याच मिनिटाला मोटार थांबली असती. मी उठून चहा आणला. आकडा चारच. चहा पिऊन झाला, चारच. मग तो वर चढायला लागला, नऊ, अकरा. आतली वायंडिंग जळायला लागली की असं होतं. नऊ एकोणपन्नासला डबा गप्प झाला. म्हणजे तिकडं लाईट गेली. मी मनात म्हणालो, आली की उरलेली जळेल.

मग दोन शेतकऱ्यांचे फोन घेतले. दहा वाजून चौदा मिनिटांनी मोबाईल बघितला. शिवकन्येचा एक फोटो आणि एक आवाज, दोन्ही पाच मिनिटांपूर्वीचे. आवाज शब्दाशब्दानं लिहितो, आता पाठच झालाय.

"भाऊ, आपल्या मोटारीतनं पानी येईना, नुसता जळका वास येतोय. डब्यावर हिरवा दिवा हुता. आता लाईट गेलीय. दादा हिरीत उतरलेत, मोटारीवर गाळ बसलाय का बघत्यात. मी म्हणलं फ्यूज काढू का, तर म्हणले कशाला, पानी नसलं की डबा चालूच करत न्हाई. फोटू पाठवलाय, काय झालंय बघ. मी जाते खाली."

फोटोत आमचा डबा. कडुनिंबाच्या खांबाला ठोकलेला. नंबराचे शेवटचे आकडे ३४२. वर मार्करनं लिहिलेलं, राधाकिशन गहिनीनाथ.

कनेक्शन त्याच्या नावावर. ज्याच्या नावावर बिल, त्याच्याच नावावर डबा. आमच्याकडं अर्ध्या वाडीचं असंच आहे. मोटार एकाची, मीटर दुसऱ्याचं. मी रोज फोनवर शेतकऱ्यांना विचारतो, मालक कोण आणि वापरतं कोण. रोज विचारतो. ह्या एका डब्याला नाही विचारलं.

शिवकन्येला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. बाहेर. आईचा फोन तर नेहमीच बंद. ३४२ ला परत सळई दिली, मशीन म्हणालं डबा बंद आहे, चालू झाल्यावर पाठवू. आणि इथंच मला आठवलं. लाईट आली की डबा वीस सेकंदांत मोटार चालू करतो. सिमला रेंज धरायला मिनिटभर लागतं. हे मी सगळ्यांना पाठ म्हणून दाखवतो. माझं सळईचं बटण पोचायच्या आधी चाळीस सेकंद मोटार चालणार, जळलेल्या वायरीची, ओल्या गाळात, आणि दादाचे दोन्ही हात तिच्यावर.

आणि दादा भीत नाहीये. विहीर कोरडी बघून तो उलट निवांत झाला असणार. डब्यावर त्याचा भरवसा.

लाईट कधी येईल सांगता येत नाही. पाच मिनिटांत येते, दोन तासांत येते.

डीपी, म्हणजे लाईटचा ट्रान्सफॉर्मर, राधाकिशनच्या बांधाला आहे. त्याचा नंबर माझ्यासमोर स्क्रीनवर होता, यादीत. लावला. तीन वर्षं मनात त्याच्याशी बोललोय. त्यातलं एक वाक्य आठवलं नाही.

"कोन?"

"सिदू बोलतोय. तात्याबाचा."

मग म्हणाला, "बोल."

"दादा हिरीत हाय. डीपीचे फ्यूज काढा. लाईट यायच्या आत."

"हीर कोरडी हाय की. डबा चालू करत न्हाई."

"करतोय. म्या केलंय तसं. तुमची मोटार समजून."

मला वाटलं आता शिवी येईल, निदान कावून म्हणून विचारील. त्यानं विचारलं नाही.

"फोन ठिवू नगंस," म्हणाला.

मग नुसता पळण्याचा आवाज. साठीला आलेला माणूस आहे, वजन बरंच. दम लागलेला, चपला वाजताहेत, मग एक चपल वाजेना. काटेरी कुंपणाचा आवाज. कुठंतरी म्हैस. आमचा सुपरवायझर माझ्या खांद्यावर हात ठेवून तमिळमध्ये काय विचारत होता मला कळत नव्हतं. मी हेडफोन दाबून धरला.

पत्र्याचं दार उघडल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन.

"काढले," म्हणाला. त्याला बोलता येत नव्हतं. आम्ही दोघं तसेच राहिलो, तो डीपीजवळ, मी इथं. दोन मिनिटं झाली असतील नसतील, लांबून घरघर ऐकू आली. पलीकडच्या डीपीवरच्या मोटारी चालू झाल्या.

लाईट आली होती.

"आण्णा," मी म्हणालो. पुढं काय म्हणायचं होतं ते अजून सुचलेलं नाही.

"जातो, बापाला वर काढतो तुझ्या," म्हणाला आणि फोन ठेवला.

२ एप्रिल

शिवकन्येचा फोन. दादा ठीक. आण्णांनी दादाला हाताला धरून वर घेतलं, म्हणाले डीपीवर जाळ दिसला म्हणून फ्यूज काढले. बाकी काही बोलले नाहीत, बाजेवर बसून दोन तांबे पाणी प्याले. एक चपल डीपीच्या वाटेवर सापडली.

मी तिला विचारलं, त्याचं कनेक्शन आपल्या विहिरीवर कसं. तेव्हा तिनं सांगितलं. जानेवारीत गाभण मेंढ्यांना पाणी नव्हतं, दादा डोक्यावर घागर घेऊन चालला होता, गुडघे धरलेले. आण्णांनी बघितलं. चार दिवसांनी वायरमन घेऊन आले आणि आपली दुसरी लाईन आमच्या विहिरीवर टाकली. मोटार नि डबासुद्धा त्यांनीच आणला. दादा नको म्हणत होता. आण्णा म्हणाले, "सिदूला सांगू नका. पानी प्यायचा न्हाई तो."

मला कळत नाही असं त्याला वाटतं का? लेंड्यांचं खत पाहिजे असणार त्याला. नाहीतर पापाची टोचणी. खोटा आळ घेतला ना माझ्यावर, मग धुवायला नको? माणूस उगाच देत नसतो.

दादाला मी अजून काही सांगितलेलं नाही.

४ एप्रिल

आज दुपारी मराठीच्या लाईनवर फोन आला. नाव स्क्रीनवर आधीच दिसतं. घेऊ नये वाटलं. पण मराठीला मी एकटाच आहे.

"मोटार जळली," राधाकिशन म्हणाला. "तक्रार लिवून घे."

त्याला माहीत होतं मीच आहे. मला माहीत होतं त्याला माहीत आहे. तरी मी सगळे प्रश्न विचारले, नियमानं. मालक कोण. वापरतं कोण. "तात्याबा धनगर," म्हणाला. किती एचपी. कधी जळली. मग आला कारणाचा रकाना. त्यात चार नावं असतात. विजेचा दाब कमी-जास्त. शेतकऱ्याची चूक. डब्यात दोष. इतर.

दाब लिहिलं तर विषय संपतो, कंपनी काही देत नाही, कोणी काही शोधत नाही. शेतकऱ्याची चूक लिहिली तर दादाची चूक होते. डब्यात दोष लिहिलं तर नवीन मोटार मिळते, पण मॅडम आत उतरून बघणार, कोणत्या तारखेला कोणत्या लॉगिननं काय दिलं, आणि तिथं माझं नाव आहे. मग ही खुर्ची गेली. परत डबे पॅक करायलाही ठेवणार नाहीत. नववी नापासाला कोण दुसरी खुर्ची देतो?

मी म्हणालो, "कारण काय लिहू?"

"तुज्या हातात हाय. तूच लिव."

"वाडीत काय सांगितलंय तुमी?"

"मोटार जळली म्हणून."

"कुनी जाळली?"

"जळली," म्हणाला. "मोटारी जळत्यात."

मी थांबलो. त्यानं ओरडावं, धमकी द्यावी, पोलिसाचं नाव घ्यावं म्हणून थांबलो. एक शब्द बोलला असता तर मी दाब लिहून मोकळा झालो असतो. त्याच्यामागं मेंढरांचा आवाज होता. आमच्याच. तो आमच्याच हौदापाशी उभा राहून बोलत होता.

इतर निवडलं. खाली जागा येते लिहायला, तिथं लिहिलं. ३१ मार्चला दुपारी सिदू तात्याबा ह्यानं आपल्या लॉगिननं ह्या डब्याला खोटं पाणी हा सेन्सर दिला, जाणूनबुजून, दुसऱ्याची मोटार समजून. शेतकऱ्याची चूक नाही. नवीन मोटार द्यावी.

"लिवलं?"

"लिवलं."

"वाच."

वाचून दाखवलं. नावासकट. बाजूच्या टेबलावरची पोरं बघत होती, मराठी कळत नाही त्यांना. त्यानं सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं," म्हणाला आणि ठेवला.

बटण दाबलं. मॅडमच्या स्क्रीनवर गेलं असेल. त्या जेवून येतील, बघतील, आणि मग माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहतील. त्या यायच्या आत हे लिहितोय.

शिवी नाही. कानफटात नाही. माझ्या तोंडून माझं नाव वदवून घेतलं आणि बरं म्हणाला. तीन वर्षांत मला एवढं कोणी खाली पाडलं नव्हतं, पारावरसुद्धा नाही. ह्याचा सूड मी घेतल्याशिवाय राहणार नाही.

कसा, ते अजून सुचलेलं नाही.